सहाव्या वावाची अंगठी

"अंगठी काळी आली तर कुणी ओरडायचं नाही. तळं दचकतं," आंकू जलीनसने तराफ्यावरून बजावलं, आणि धक्क्यावर दाटीवाटीने उभी असलेली दोन-अडीचशे माणसं तोंडावर हात धरून गप्प झाली. नारळावर चढलेली पोरंसुद्धा गप्प झाली. तळं दचकतं म्हणे. ह्याच तळ्याने महिन्यापूर्वी एका सकाळीत पाण्यातल्या पिंजऱ्यांत पाळलेले आमचे सगळे मासे मारून वर ढकलले होते. त्याला आमच्या ओरडण्याचं काय वाटणार होतं? पण हे सुचायला डोकं ठिकाणावर लागतं, आणि त्या दुपारी आमच्या लुबुक पांजांग गावात कुणाचंच ते नव्हतं. माझंही नव्हतं, कारण दोराला बांधलेली अंगठी माझ्या बहिणीची होती आणि ती त्या माणसाच्या हातात मी स्वतः नेऊन दिली होती.

आंकू म्हणजे मानाने आजोबा; हा मासे मेल्यावर आठवड्याने बाहेरगावाहून येऊन टेकला होता. त्याची रीत अशी होती. पहाटेची नमाज झाली की मी माझ्या मोटरहोडीने आंकूचा तराफा ओढत न्यायचा. आमचं तळं म्हणजे जुन्या ज्वालामुखीचं तोंड, धक्क्यापासून हाकेच्या अंतरावरच पाणी एकदम खोल होतं. तिथे तराफा नांगरायचा. मग ज्या घराची पारख असेल त्या घराची, आईकडून लेकीकडे चालत आलेली चांदीची अंगठी दोराला बांधायची. दोर वीस वाव. तो धक्क्यावर सगळ्यांदेखत मोजला जायचा, दोन्ही हात पसरून, एक वाव, दोन वाव असा. मग तो टोपलीत भरून, टोपलीवर पांढरं फडकं घालून, आंकू एकटा तराफ्यावर बसून तो पाण्यात सोडायचा. दुपारी अंगठी वर. चकचकीत आली तर घर निर्मळ. काळी आली तर त्या घराने तळ्याला दुखवलंय. मग एक शेळी द्यायची, आणि अंगठी सात दिवस आंकूच्या पेटीत राहायची, शुद्ध व्हायला.

"तळ्याला सात पापण्या आहेत," तो सांगायचा. "सहा मी उघडल्यात. सातवी उघडली तर तुम्हाला झेपणार नाही." ही सातवी पापणी त्याने तीन आठवडे लांबवत आणली होती आणि तेवढ्या काळात अकरा शेळ्या झेपवल्या होत्या. मंत्र म्हणायचा तो अर्धा अरबीत, अर्धा आमच्या जुन्या बोलीत आणि उरलेला कुठल्याच भाषेत नाही. मशिदीचे इमाम त्या दिवसांत धक्क्याची वाट सोडून मागच्या वाटेने जायचे.

त्या दुपारी आधी वालींची अंगठी वर आली. वाली म्हणजे आमच्या गावचे प्रमुख. आंकू त्यांच्याच पाहुण्यांच्या खोलीत उतरला होता. फडक्याखाली हात घालून, डोळे मिटून, आंकूने तो दोर इतका सावकाश ओढला की मी होडीच्या फळीवर बोटं वाजवायला लागलो. मला स्थिर बसता येत नाही, ही जन्मापासूनची खोड आहे. शेवटी अंगठी वर आली. आत घातली तशीच, चकचकीत. लोकांनी श्वास सोडला.

मग आमची. हा दोर त्याने भराभर ओढला. टोकाला जे होतं ते तव्याच्या बुडासारखं काळं होतं, आणि त्याला सडक्या अंड्याची घाण येत होती.

"ह्या घरातली मुलगी," आंकू आवाज खाली आणून म्हणाला, म्हणजे सगळ्यांना नीट ऐकू यावं, "तळ्याच्या डोळ्यात थाळी घालते."

दोन-अडीचशे माना माझ्या भाचीकडे वळल्या.

नेली चोवीस वर्षांची. पादांगच्या विद्यापीठात ती तळ्यांचा अभ्यास करते. पाण्यात काय जगतं, काय मरतं, वारा कुठवर पोचतो, ऊन कुठवर पोचतं, असला अभ्यास. त्यासाठी तिने आपलंच तळं निवडलं, आणि चौदा महिने दर आठवड्याला ती माझ्या होडीतून तळ्याच्या मध्यावर जात होती. दोरीला बांधलेली पांढरी थाळी पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी कधी होते ते लिहायचं. तारेला बांधलेला तापमापक सोडायचा, तेही लिहायचं. गावात थट्टा व्हायची, की नवरा शोधायचा सोडून युस्निदारची पोरगी तळ्याचा ताप बघत बसलीय. आता त्या थट्टेचा आरोप झाला होता.

नेली लोकांकडे बघत नव्हती. ती त्या काळ्या अंगठीकडे अशी बघत होती की जणू तिला कुणीतरी पत्र पाठवलंय.

*

आमच्यात घर बाईचं, शेत बाईचं, पण भाचीच्या वागण्याचा जाब द्यायचा तो मामाने. बाप बिचारा पाहुण्यासारखा. त्यामुळे संध्याकाळी वाली चहाच्या टपरीवर आले ते थेट माझ्यासमोर बसले.

"मारलिस, शुक्रवारी बैठक आहे. तुला शब्द द्यावा लागेल."

"कसला?"

"पोरीने तळ्यावर जायचं बंद करायचं. ती थाळी, ती तार, त्या बाटल्या, सगळं आंकूंच्या स्वाधीन करायचं. आणि काही दिवस तिने गावाबाहेर राहिलेलं बरं."

"काही दिवस म्हणजे किती?"

"ते तळं सांगेल."

"वाली, तिचं हे शेवटचं वर्ष आहे. चौदा महिन्यांच्या वह्या आहेत तिच्या. मधेच थांबली तर सगळं पाण्यात जाईल."

"पाण्यात काय गेलं ते आम्ही बघितलंय," वाली म्हणाले. "माझे चाळीस पिंजरे पांढरे झाले होते. उलटे तरंगत होते मासे. तुझे किती गेले?"

"दहाच्या दहा."

"मग? तरी तुला भाचीचा पुळका?"

खरं सांगायचं तर मलाच काही कळेनासं झालं होतं. तीन आठवडे मीही आंकूला हसत होतो, पण दबक्या आवाजात. लोकांची तोंडं बंद व्हावीत म्हणून मीच बहिणीला म्हणालो होतो, देऊन टाक अंगठी, चकचकीत येईल आणि विषय संपेल. आता ती काळी आली होती आणि ती काळी मी डोळ्यांनी पाहिली होती.

वाली गेल्यावर टपरीवाली एतेक रोस माझ्यापुढे अंडं फेटून घातलेला चहा आपटून गेली. एतेक रोस ही साऱ्या गावाची मावशी. पहिल्या आठवड्यात तिचीच अंगठी काळी आली होती.

"शब्द देणार तू?" तिने विचारलं.

"विचार करतोय."

"कर. मीही केला होता. माझी शेळी त्याच्या पोटात गेली, माझ्या आईची अंगठी त्याच्या पेटीत गेली ती सात दिवस उलटले तरी परत आली नाही, आणि बघ." तिने टपरीभर हात फिरवला. पाच-सहा जण होते, सगळे उभ्याउभ्या चहा पीत होते. तिच्या बाकावर कुणी टेकत नव्हतं. "तीस वर्षं ह्यांच्या बुडाखालचे बाक पुसले मी. आता बाकाला विटाळ झालाय."

*

घरी युस्निदार, माझी थोरली बहीण, माझी उनी, जमीन पुसत होती. ती आधीच दोनदा पुसून झाली होती. आंकूने ती काळी अंगठी पेटीत टाकायच्या आधी नेलीने ती क्षणभर हातात मागून घेतली होती, एवढ्यावरूनही तिला गावात बोलणी बसली होती.

"ये," उनी म्हणाली. "तूच सांग आता हिला. मघापासून हसतेय."

नेली खरंच हसत होती. मला तिचा राग आला.

"मामा, वास आठवतोय तुला त्या अंगठीचा?"

"सडक्या अंड्याचा. गावभर पसरलाय तो."

"माझ्या खालच्या बाटल्या उघडल्या की कसला वास येतो?"

तिच्या बाटल्या मीच होडीत भरायचो. बारा वाव खालून आणलेलं पाणी उघडलं की मी नाक धरायचो आणि तिला म्हणायचो, तुझ्या तळ्याचं पोट बिघडलंय.

"वरचं पाणी उन्हाने तापतं आणि हलकं राहतं," ती जमिनीवर बसत म्हणाली. उनी तिच्याभोवतीने पुसत राहिली. "खालचं थंड आणि जड. वर्षानुवर्षं ती दोन पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. मग आपण पिंजऱ्यांत खाद्य टाकतो. मासे अर्धं खातात, अर्धं खाली जातं. माशांची घाण खाली जाते. खाली ते सगळं सडतं, आणि सडताना पाण्यातली हवा संपवून टाकतं. हवा संपली की मग हा वास. हा वास ज्या वायूचा आहे तो चांदीला काळं करतो. उकडलेलं अंडं चांदीच्या चमच्याने खाल्लंस तरी चमचा काळवंडतो. ह्यात पाप कुठे आलं?"

"मासे कशाने मेले मग?"

"आठवतं, त्या आधी पाच दिवस ढग होते? दक्षिणेचा गार वारा होता? वरचं पाणी गार झालं, म्हणजे जड झालं, आणि खाली गेलं. खालचं वर आलं. माशांना पाण्यात श्वास घ्यायला काही उरलंच नाही."

उनी पुसायची थांबली. "हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं, आई. बैठकीत. तेव्हा सगळे म्हणाले, पोरगी शिकलीय, बोलू दे."

हे खरं होतं. मीही त्या बैठकीत होतो आणि मी डुलक्या काढत होतो.

"बरं," मी म्हणालो, "खाली काळं होतं. मान्य. मग वालींची अंगठी चकचकीत कशी? त्याच तराफ्यावरून, तेवढाच दोर. दोन्ही दोर माझ्यासमोर मोजले, वीस-वीस वाव."

नेलीचं हसू गेलं. "ते मला नाही सांगता येत," ती म्हणाली. "माहीत नाही."

ती माहीत नाही म्हणाली ह्याने मला धीर यायला हवा होता. आंकू कधीच माहीत नाही म्हणत नसे. पण झालं उलटंच. मी उठलो, बसलो, पुन्हा उठलो. शेवटी उनी म्हणाली, "बाहेर जा बाबा, माझी ओली जमीन तुडवू नकोस."

*

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, आणखी दोन घरांची पारख होती. एक वालींच्या सासुरवाडीचं, एक असंच कुणाचं. दुपारी एक चकचकीत आली, एक काळी. टोपल्या तराफ्यावरून उतरवून आंकूच्या खोलीपर्यंत पोचवायचं काम नेहमी माझंच असे. पहिली मी एका हाताने उचलली. दुसरी उचलताना माझ्या तोंडून शिवी निघाली.

आणि मी तिथेच, होडीत एक पाय नि धक्क्यावर एक पाय, उभा राहिलो. कारण काल वालींची टोपली उचलताना मी शिवी दिली नव्हती. उनीची उचलताना दिली होती.

चाळीस वर्षं मी दोरांत काढली आहेत. कोरडा दोर आणि भिजलेला दोर ह्यांतला फरक माझ्या कमरेला विचारावा. दोन्ही दोर एकाच लांबीचे, एकाच दुकानातले. मग एक हलका कसा? आंकू पुढे चालला होता, लोकांना आशीर्वाद देत. मी मागे राहून हलक्या टोपलीत फडक्याखाली हात घातला. वरची चारेक वेटोळी ओली होती. त्याखाली सगळं कोरडं. एका वेटोळ्यावर तर गोदामाची धूळ तशीच होती.

वीस वाव मोजायचे सगळ्यांदेखत. सोडायचे किती, ते फडक्याखाली. ज्याला निर्मळ ठरवायचं त्याची अंगठी चार वावांवर लोंबकळत ठेवायची, माशांच्या सोबतीला. ज्याला बुडवायचं त्याला खरोखर बुडवायचं.

मी धावतच घरी गेलो. नेलीने सगळं ऐकून घेतलं आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. "दोर," ती म्हणाली. "मी पाण्याचाच विचार करत बसले."

"आत्ता जातो आणि टोपली उलटी करतो सगळ्यांसमोर."

"नको. निर्मळ घराचा दोर तळं भिजवत नाही, असं म्हणून तो मोकळा होईल. आणि लोक मान डोलवतील."

खरं होतं. मला तर त्याचा आवाजही ऐकू आला.

"नुसतं सांगून नाही चालणार, मामा. त्यांच्या हातात दोर द्यायचा." ती खिडकीतून आभाळाकडे बघत होती. कालपासून ढग हटले नव्हते. "आणि उशीर नको करायला."

*

शुक्रवारी बैठकीला बसायला जागा नव्हती. आंकू वालींच्या उजव्या हाताला, बोटात चांदीची जाडजूड अंगठी, तिच्यात लाल खडा. मला उभं केलं.

"मी शब्द देतो," मी म्हणालो. उनी भिंतीशी बसली होती, तिने मान खाली घातली. "भाची तळ्यावर जाणार नाही. उद्या संध्याकाळी मी स्वतः तिला बसमध्ये बसवीन, तिच्या वह्या आंकूंच्या हातात देईन. पण ज्याच्या भाचीवर ठपका येतो त्या मामाला एकदा फेरपारख मागता येते. आपली रीत आहे. मी ती मागतो."

कुजबुज झाली. रीत होती. म्हाताऱ्यांनी माना हलवल्या.

"अवश्य," आंकू गोड हसला. "उद्या तुझ्या घराची अंगठी पुन्हा सोडू."

"एका घराची नको. एकच दोर, बारा अंगठ्या. प्रत्येक वावाला एक गाठ, प्रत्येक गाठीला एका घराची अंगठी. दोर धक्क्यावरचे लोक सोडतील, पाळीपाळीने तराफ्यावर येऊन. फडकं नको. खाली दगड बांधू. आणि एक अंगठी तुमची, आंकू."

"माझी कशाला? तळं मला ओळखतं."

"मग ओळख दाखवेल की," मागून एतेक रोस म्हणाली.

लोक हसले. तीन आठवड्यांत आंकूसमोर कुणी हसण्याची ही पहिली वेळ. आंकू म्हणाला, "ठीक. पण माझी अंगठी मानाची. ती सगळ्यांत वर बांधायची, पहिल्या वावाला."

"चालेल," नेली मागून म्हणाली. बैठकीत ती तेवढंच बोलली. "वालींची दहाव्याला बांधू?"

"कुठेही बांध," वाली म्हणाले. "माझी निर्मळ आहे हे सगळ्यांनी बघितलंय."

मी आंकूकडे बघत होतो. त्याचा हात अंगठीवरून फिरत होता आणि तो वालींकडे बघत नव्हता.

एतेक रोसची आणि उनीची अंगठी काढायला पेटी बैठकीत आणली गेली. पेटी उघडली तेव्हा तिच्यात चिंध्या आणि एक डबा होता. एतेकने डब्यात बोट घालून वास घेतला. "राख आणि चिंच," ती म्हणाली. "शुद्धी म्हणजे हीच का? ती तर मी दर ईदेला करते, शेळी न घेता." उनीची काळी अंगठी तिने त्याच राखेने लख्ख घासून दिली; तिची दुसऱ्या वावाला आणि उनीची नवव्याला बांधायची ठरली.

*

शनिवारी सकाळी आभाळ खाली आलं होतं. वारा दक्षिणेचा, अंगाला झोंबणारा. दोर सोडायला पहिला हात इमामांनी लावला. त्या दिवशी ते पुढच्या वाटेने आले होते. मग एकेक जण. दोर कोरडा राहिला की ओला झाला, हे ज्याने त्याने आपल्या हाताने पाहिलं. मग दुपारपर्यंत वाट. मी धक्क्यावर इतक्या येरझाऱ्या घातल्या की वाली म्हणाले, "बस रे, फळ्या झिजतील."

पाण्याच्या कडेला बारीक कोळंब्या दगडांवर चढत होत्या. नेली वाकून त्यांच्याकडे बघत होती. तिने मला हाक मारली नाही, पण तिचा चेहरा मला आवडला नाही.

दुपारी दोर ओढायला तराफ्यावर आणि भोवतीच्या होड्यांत सगळीच माणसं सरसावली. पहिली अंगठी आंकूची, लखलखीत. "बघा," तो म्हणाला. दुसरी एतेक रोसची. तीही तेवढीच लखलखीत. एतेकने ती दोन बोटांत धरली आणि पदराखाली हात घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिसरी, चौथी, पाचवी चांगल्या. सहावी तपकिरी, करपल्या दुधाच्या सायीसारखी. सातवी काळी. आठवी काळी. नववी काळी, ती उनीची. दहावी वर यायला लागली तेव्हा वाली एकदम पुढे झाले.

ती काळीकुट्ट होती.

कुणी ओरडलं नाही, आणि तळंही दचकलं नाही. वाली अंगठी हातात घेऊन उलटीसुलटी करत राहिले. "बुधवारी ही चकचकीत होती," ते म्हणाले.

"बुधवारी ती चार वावांवर होती," मी म्हणालो. "बाकीचा सोळा वाव दोर फडक्याखाली कोरडा बसला होता. टोपली मी उचललीय, वाली. हलकी लागली."

"खोटं," आंकू म्हणाला. "निर्मळ घराचा दोर तळं—"

"भिजवत नाही," नेलीने वाक्य पुरं केलं. "मग आज वालींचं घर तीन दिवसांत मळलं का? आणि एतेकचं एका शेळीत उजळलं? मग आता शेळी वालींनी द्यायची का?"

आंकू म्हणाला, सातवी पापणी उघडली आहे, सात दिवस कुणी तळ्यात होडी घालू नये, एकही मासा काढू नये. पण आता त्याचं बोलणं अर्धेच लोक ऐकत होते. बाकीचे अंगठ्या हातोहात फिरवत होते, वास घेत होते, पाचवी आणि सातवी शेजारी धरून बघत होते. एक म्हातारा म्हणाला, "म्हणजे हे पाण्याच्या खोलीचं आहे. घराचं नाहीच."

मला वाटलं, जिंकलो. मी भाचीकडे वळलो तर ती रडवेली झाली होती.

"मामा, मागच्या आठवड्यात हे काळं नवव्या वावाखाली होतं. आज सहाव्याला आलंय." मग ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पिंजऱ्यांच्या जाळ्यांचं बूड तिसऱ्या वावाला आहे. चार दिवस ढग आहेत, वारा गार आहे, कोळंब्या हवेसाठी काठावर चढतायत. मासे आज काढा. आज आणि उद्या. लहान असले तरी काढा."

आम्ही मागच्या महिन्यात उसनंपासनं करून नवे मासे सोडले होते. सगळे तळहाताएवढेच झाले होते. त्यांना काढायचं म्हणजे मातीमोलाने विकायचं. लोक एकमेकांकडे बघायला लागले. एका बाजूला एक म्हातारा साधू सांगत होता, काही करू नका, सात दिवस थांबा. दुसऱ्या बाजूला एक पोरगी सांगत होती, आत्ता कामाला लागा, आणि तोटा सोसा. पहिली गोष्ट ऐकायला केव्हाही गोडच.

मी होडीत उतरलो आणि माझ्या पिंजऱ्याची दोरी सोडली. मागोमाग उनी उतरली. मग एतेक रोस, जिचा स्वतःचा एकही पिंजरा नव्हता, बाह्या सारून उतरली. त्यानंतर मी मोजायचं सोडून दिलं.

रविवारच्या संध्याकाळपर्यंत गावातल्या दोन तृतीयांश घरांचे तिलापिया मासे बाहेर आले होते. काही ट्रकांवर गेले, बाकीचे आम्ही मिठात घातले, धुरावर टांगले. हात सोलवटले, पाठी मोडल्या. वालींनी आणि त्यांच्या बाजूच्या अकरा घरांनी काही काढलं नाही. सोमवारी सकाळी तळं गढूळ तपकिरी झालं होतं, नाकाला तो वास येत होता, आणि त्या अकरा घरांचे आणि वालींचे पिंजरे पांढरे झाले होते. आंकू रविवारीच गेला होता. लवंगांच्या ट्रकवर, उरलेल्या चार शेळ्यांसकट. पेटी मात्र सोडून गेला. अंगठ्या आम्ही घराघरांत परत दिल्या. राखेचा डबा एतेकने ठेवून घेतला, भांडी घासायला.

*

ही गोष्ट इथे संपली असती तर मला बरं वाटलं असतं. पण मला स्वस्थ बसवत नाही, आणि ते आता नुसतं खोडीपायी नाही.

नेलीला बसमध्ये बसवायचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही, आणि पुढच्या बैठकीत तिने आपल्या चौदा महिन्यांच्या वह्या वाचून दाखवल्या. ह्यावेळी मी जागा होतो. तिचं म्हणणं साधं होतं: तळ्याच्या पोटात जे सडतंय ते आपणच टाकलंय. पिंजरे निम्मे करा, खाद्य निम्मं करा, नाहीतर काळं पाणी वर चढतच राहील. आंकूने एका घराकडून एक शेळी मागितली होती. माझी भाची प्रत्येक घराकडून निम्मा धंदा मागत होती. तेव्हा मला कळलं की आंकू इतका लाडका का होता. त्याने दोष एकेका घरावर टाकला होता, आणि तो एका शेळीत फिटत होता. हा दोष सगळ्यांचा आहे आणि त्याला शेळी चालत नाही.

मी माझे पाच पिंजरे काढले. काहींनी काढले, काहींनी मला शिव्या दिल्या. तो बारा गाठींचा दोर मात्र एतेकच्या टपरीत टांगलेला असतो. दर शुक्रवारी बायका तो पाण्यात सोडतात, दरवेळी वेगळं घर सोडतं, वेगळं घर ओढतं, आणि कितव्या वावाला रंग बदलला ते एतेक खडूने फळीवर लिहिते. तिच्या बाकांवर आता बसायला जागा मिळत नाही.

माझं सांगणं एवढंच आहे. तुमच्याकडे तळं नसेल, चांदी नसेल, पण कुणीतरी जलीनस येईलच. त्याचं तोंड बघू नका, पाण्यातून काय वर आलं तेही लगेच बघू नका. टोपलीवरचं फडकं काढा आणि दोर आपल्या हाताने सोडा. मोजता येतं ते मोजा. कुणी माहीत नाही म्हणालं तर त्याला हसू नका, त्याच्या शेजारी बसा. मी चौदा महिने त्या पोरीला होडीतून नेलं-आणलं आणि एकदाही विचारलं नाही की ती काय लिहितेय. ती चूक माझी आहे, तळ्याची नाही.

गेल्या शुक्रवारी पाचव्या वावाची अंगठी तपकिरी आली. वाली म्हणतात, अजून महिनाभर थांबून बघू. मी माझे आणखी दोन पिंजरे काढायला निघालोय.